मेटा कीवर्ड: निम्म्या लेखांवरून काढले, आठ महिने वाट पाहिली

माझ्या संकेतस्थळावर दीडशेच्या आसपास लेख आहेत. लेख टाकला की मेटा कीवर्डच्या रकान्यात (पान कशाबद्दल आहे हे शोधयंत्राला सांगणारा, वाचकाला न दिसणारा टॅग) दहा-बारा शब्द भरायचे, ही जुनी सवय. अनेकवचन, लोक चुकवून लिहितात ती रूपे, सगळे आठवून लिहायचे. लेखामागे पाव तास सहज जायचा. एवढ्या कष्टातून काही हाती लागते का, हे एकदा पाहायचे ठरवले. निम्म्या लेखांवरचे कीवर्ड काढले, उरलेल्यांवर ठेवले आणि बाकी कशालाच हात लावला नाही.

आठ महिने दर आठवड्याला सर्च कन्सोल (आपली पाने गूगल शोधात कशी दिसतात ते सांगणारे गूगलचे साधन) उघडून दोन्ही गट पाहिले. चढउतार झाले, पण दोन्हीकडे सारखेच. कीवर्ड गेले म्हणून अमुक लेख खाली आला, असे एकदाही म्हणता आले नाही.

खरे तर गूगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी सप्टेंबर २००९ मध्येच स्पष्ट सांगितले होते, की वेब रँकिंगमध्ये गूगल हा टॅग वापरत नाही. नव्वदच्या दशकात इन्फोसीक, अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रांना त्याचा आधार वाटे. पण वाचकाला न दिसणाऱ्या जागेत काहीही लिहिता येते म्हटल्यावर पानाशी संबंध नसलेले शब्दही लोक कोंबू लागले आणि त्याच्यावरचा विश्वास उडाला. यांडेक्स या रशियन शोधयंत्राच्या मार्गदर्शिकेत मात्र तो विचारात घेतला जाऊ शकतो असे म्हटलेले आहे, त्यामुळे वाचक तिथून येत असतील तर चार नेमके शब्द ठेवायला हरकत नाही. काही संकेतस्थळांचा स्वतःचा अंतर्गत शोधही हेच शब्द वाचतो. काढण्यापूर्वी तेवढे तपासा.

एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, माझाही झाला होता. एसईओ (लेख शोधात वर यावा यासाठीची कामे) प्लगइनमधला ‘फोकस कीवर्ड’ म्हणजे मेटा कीवर्ड नव्हे. तो लेख तपासण्यापुरता तुमच्यासाठी असतो, पानाच्या एचटीएमएलमध्ये सहसा जातही नाही.

वाचलेला वेळ मी टायटल आणि मेटा डिस्क्रिप्शनला (शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसणारे छोटे वर्णन) दिला. डिस्क्रिप्शनने क्रमांक वाढत नाही आणि गूगल पुष्कळदा ते बाजूला सारून पानातलाच मजकूर दाखवते. तरीही जिथे माझे वाक्य दिसले, तिथे लोक क्लिक करताना दिसले. टायटलचा फरक त्याहून ठळक. ‘उपयुक्त माहिती’ असली मोघम शीर्षके बदलून लोक विचारतात तसा प्रश्न लिहिला, आणि पडून राहिलेले काही लेख वर आले.

पण खरा धक्का साफसफाईच्या वेळी बसला. कीवर्ड काढायला पानाचा सोर्स कोड उघडला, तर सहा लेखांवर नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, अशी शोधयंत्राला सूचना) तसाच राहिलेला. मसुदा असताना लावला होता, प्रकाशित करताना काढायचा राहिला. ते लेख शोधात कधी आलेच नव्हते. मी त्यांचे कीवर्ड तीनदा सुधारले होते आणि त्याच्या लगतची ओळ एकदाही वाचली नव्हती.

नोइंडेक्स काढून सर्च कन्सोलमधून ते लेख शोधात घेण्याची विनंती पाठवली. त्यातले पाच लेख आता शोधात दिसतात.