दहा मिनिटांची पॉलिसी की ईसीजीवाली?

मुलगी न्यू जर्सीत, आम्ही दोघं दादरला. दोनेक वर्षांनी एकदा तिकडे तीन महिने राहून येतो. तिकिटं, डॉलर, नातवासाठी मेतकूट हे सगळं होतं आणि प्रवासविमा राहतो शेवटच्या आठवड्यावर. माझं वय ६८. बीपी, शुगर आणि २०१६ चा एक स्टेंट. हिला बीपी आणि थायरॉइड. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही धडधाकटांत मोडतो, पण विम्याच्या फॉर्मवर मोडत नाही. तिथे ‘पूर्वीचे आजार’ लिहायचे की नाहीत, हा प्रश्न बरोबरीच्या मंडळींकडून इतक्यांदा आला की एकदाच लिहून टाकतो. दोन्ही पद्धतींनी पॉलिसी घेऊन झाली आहे, २०१९ साली एक आणि २०२३ साली दुसरी.

पहिली पद्धत सगळ्यांना माहीत असलेली. ऑनलाइन किंवा एजंटमार्फत जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, जाण्यायेण्याच्या तारखा द्यायच्या. आजारांबद्दल एकच प्रश्न असतो, हो किंवा नाही. ‘हो’ म्हटलं तर कुठे पुढे यादी उघडते, कुठे पान अडतं आणि ‘आमचे प्रतिनिधी संपर्क साधतील’ असं येतं. ‘नाही’ म्हटलं की दहा मिनिटांत पीडीएफ ईमेलवर.

दुसऱ्या पद्धतीत चार पानी प्रपोजल फॉर्म भरावा लागतो. कुठला आजार, कधीपासून, गोळ्या कोणत्या, डोस किती, शेवटचा बदल कधी. फॅमिली डॉक्टरचं पत्र लागतं. वयामुळे आणि अमेरिकेमुळे माझ्याकडून ईसीजी, उपाशीपोटीची शुगर आणि लघवीची तपासणी मागितली. फोर्टातल्या कार्यालयात दोन खेपा झाल्या, त्यातली एक केवळ डॉक्टरांच्या पत्रावर रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का नव्हता म्हणून. सगळं धरून नऊ दिवस लागले आणि हप्ता पहिल्याच्या साधारण दीडपट पडला. दोन्हींच्या विम्याची रक्कम आणि दिवस सारखे असल्याने दीडपट हा शब्द टोचला, हे कबूल करतो.

तिसराही मार्ग आहे: मुलांनी तिकडूनच पाहुण्यांसाठीची पॉलिसी घ्यायची. तिथली हॉस्पिटलं ती पटकन ओळखतात, बिल थेट कंपनीकडे जाण्याची शक्यता जास्त. आजारांबाबत तिथे ‘अॅक्यूट ऑनसेट’ नावाची भानगड असते. जुना आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि ठरलेल्या वेळेत, बहुधा २४ तासांत, उपचार घेतले तरच पैसे. वय वाढेल तसं हे कलम आखडत जातं. ज्यांची मुलं फॉर्ममधलं बारीक अक्षर वाचणारी आहेत त्यांनी जरूर विचार करावा. आमची वाचत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

आता माझं मत जिथे ठरलं ते सांगतो.

२०१९ मध्ये तिकडे पोचून दुसराच आठवडा. हिचं पोट बिघडलं, उलट्या थांबेनात, रात्री अकराला चक्कर येऊन बाथरूममध्येच खाली बसली. इमर्जन्सीत नेलं. सलाइन, रक्ततपासण्या, सीटी स्कॅन, आणि पहाटे घरी. बिल सहा हजार डॉलरच्या वर. पण मला आठवतं ते बिल नाही. आत गेल्यागेल्या नर्सने विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? हिने पर्समधून पाकिटं काढून ट्रेमध्ये ओळीने मांडली. थायरॉइडची, बीपीची, कोलेस्टेरॉलची. नर्स एकेक उचलून नाव टाइप करत होती आणि प्रत्येकाला ‘कधीपासून?’ विचारत होती. ‘दहा वर्षं,’ ही प्रामाणिकपणे सांगत होती. खोटं बोलायचं कुणाच्या मनात तरी येईल का तिथे?

परत आल्यावर क्लेम टाकला. कंपनीचं उत्तर आलं: रुग्णालयाच्या नोंदीत दहा वर्षांचं बीपी आहे, पॉलिसीवर पूर्वीचे आजार ‘नन’, म्हणजे एकही नाही, असं आहे, खुलासा करावा. मी पीडीएफ उघडली. तिसऱ्या पानावर खरोखरच ‘नन’. माझ्याही नावापुढे, स्टेंट असूनही.

एजंटला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, गोळ्यांच्या नावांसह. तो म्हणाला होता, ‘काका, बीपी-शुगर सगळ्यांनाच असते. ते टाकत बसलो तर रेट वाढतो. मी बघतो.’ त्याने बघितलं ते असं. त्याला व्हॉट्सअॅप केलं की तू हे म्हणाला होतास एवढं लिहून दे, मी कंपनीला पाठवतो. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर आलं नाही, फोन आला. ‘काका, लेखी कशाला, मी साहेबांशी बोलतो ना.’ मग लक्षात आलं की फॉर्म त्याने भरला असला तरी ओटीपी मी सांगितला होता. कंपनीच्या लेखी ती माझीच सही.

पोटाच्या संसर्गाचा बीपीशी संबंध नाही असं तिकडच्या डॉक्टरांचं पत्र मुलीने मिळवलं आणि चार महिन्यांनी पैसे आले, १०० डॉलरची वजावट जाऊन. पैसे मिळाले म्हणजे तक्रार करू नये खरं तर. काहींना असा त्रास होतही नसेल. पण त्याच रात्री तिच्या पोटाऐवजी माझी छाती दुखली असती तर कुठल्या डॉक्टरने काय पत्र दिलं असतं, हा विचार अजून जात नाही.

आजार लिहिला की त्याचा खर्च मिळतो, असा मात्र समज करून घेऊ नका. मीही आधी तसंच धरून चाललो होतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींत लिहिलेला आजारही वगळलेलाच असतो, फक्त जिवावर बेतलं तर, आणि तेही ठरावीक मर्यादेपर्यंत, प्रकृती स्थिर होईस्तोवर, पैसे देतात. माझ्या २०२३ च्या पॉलिसीत ही मर्यादा वेगळी छापलेली आहे आणि अमेरिकेतल्या हृदयाच्या ऑपरेशनपुढे ती फारच तोकडी आहे. शिवाय साठीनंतर खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांवर आतल्या आत वेगवेगळ्या मर्यादा असू शकतात. पहिल्या पानावरचा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नये. मग दीडपट पैसे कशाचे? माझ्या मते, पाय मोडला किंवा पोट बिघडलं तर ‘तुम्ही बीपी लपवलंत’ हे वाक्य ऐकावं लागू नये, याचे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे. ओव्हरसीज मेडिक्लेम घेऊन अमेरिकेला निघालेल्या गृहस्थांना २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्रास सुरू झाला, हॉस्पिटलात तीन स्टेंट बसले. मधुमेह त्यांनी फॉर्मवर लिहिला होता, तपासणीही झाली होती. कंपनीने क्लेम नाकारला तो मधुमेह आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल हे पूर्वीचे आजार म्हणून; कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्याचं सांगितलं नाही, यावरही पुढे वाद झाला. न्यायालयाने निकाल विमेदाराच्या बाजूने दिला: प्रकृती तपासून पॉलिसी दिल्यावर, फॉर्मवर जाहीर केलेल्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येणार नाही. ओळखीच्यांना मी दोन गोष्टी दाखवतो. मधुमेह लिहिलेला होता म्हणून त्यांना उभं राहायला जमीन होती. आणि एका गोळीपायी बारा वर्षं गेली. ती गोळी आमच्या कट्ट्यावर निम्मे लोक घेतात आणि तिला कुणीच आजार म्हणत नाही.

म्हणून फॉर्म भरताना मी आठवणीवर विसंबत नाही. गोळ्यांचा डबा टेबलावर उपडा करतो, प्रत्येक पाकिटासमोर ती कशासाठी ते लिहितो. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ म्हणजे शुगर नाही असं होत नाही, हे हिला पटवायला एक संध्याकाळ गेली. तिकडची नर्स जे टाइप करेल ते आणि इकडच्या फॉर्मवरचं जुळलं पाहिजे, एवढीच माझी कसोटी.

दहा मिनिटांची पॉलिसी टाकाऊ आहे असं नाही. सिंगापूरला पाच दिवस जायचं असेल, गोळी एकही नसेल, तर मीही तीच घेईन. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी ३०,००० युरोचं किमान कव्हर लागतं, तेवढा कागद तीही देते. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विमा बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे सगळं आपल्या शहाणपणावर. तंटा झालाच तर सांताक्रूझला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. पण एजंटचं फोनवरचं बोलणं तिथे काय दाखवणार?

यंदा निघायला तीन आठवडे आहेत. पॉलिसी घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी माझी बीपीची गोळी ४० वरून ८० ची केली. निघण्याआधी काही बदललं तर कळवा, असं माझ्या फॉर्मवर होतं, म्हणून ईमेल केला. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे. त्याचीही प्रिंट काढून पासपोर्टच्या पाउचमध्ये ठेवली आहे.