दिव्याचं भिंग आणि खिशातला वजनकाटा: दोन महिन्यांचा वापर

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. विचित्र दिसणारं नाणं हाती आलं की खिशातलं दुसरं पिशवीत टाकायचं आणि ते डब्यात. निवृत्तीनंतर डबा उघडला, तेव्हा पुतण्याने ऑनलाइन मागवून दिलं: घडीचं भिंग 340 रुपये, छोटा डिजिटल काटा 450.

भिंगाच्या खोक्यावर 40 पट छापलंय. पट्टीवरचे मिलिमीटर बघून ताडलं तर जेमतेम 10. हरकत नाही, नाण्याला तेवढं पुरतं. काच स्वच्छ आहे. तक्रार दिव्याची. उजेड सरळ वरून पडतो आणि स्टीलच्या नाण्यावर नुसती चकाकी दिसते. दिवा बंद करून खिडकीपाशी नाणं तिरकं धरलं की उठाव कळतो.

1998 चा एक रुपया मी ‘डबल डाय’ (दुहेरी ठशाचं नाणं) म्हणून जपला होता, सालाचे आकडे दुहेरी दिसायचे. भिंगाखाली दुसरा आकडा पायरीसारखा चपटा निघाला, म्हणजे ठोका पडताना ठसा हलला एवढंच. ठसाच दुहेरी कोरला गेला असता तर दोन्ही आकड्यांना गोलाई आणि टोकाला खाच दिसली असती. पाच रुपयांचं एक नाणं चावा घेतल्यासारखं आहे. ठसा उमटण्याआधीची कोरी चकतीच टाकसाळीत तशी कापली गेली असती तर चाव्याच्या बरोबर समोरची कड पुसट उठली असती. इथे ती ठणठणीत, आणि चाव्यात कानशीचे ओरखडे! कोणीतरी घरी बसून केलेला उद्योग.

(वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं म्हणणाऱ्यांनो, ते एरर, म्हणजे टाकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं, नव्हेच. 2012 सालचं स्मारक नाणं आहे, टाकसाळीने मुद्दाम पाडलेलं.)

काटा चोख. पाच रुपयांचं 2011 साली आलेलं नाणं 6 ग्रॅमचं. तसली न झिजलेली दहा ठेवली, 60.02 दाखवलं. पंखा मात्र बंद करा, आकडा नाचतो.

डब्यात खरं एरर एकच निघालं, दोन रुपयांचं. आपली नाणी वहीचं पान उलटावं तशी उलटली की दुसरी बाजूही सरळ उभी दिसते. यात सिंह आडवे होतात, ठसा फिरलेला. पण ते मी रत्नागिरी गाडीत, आंबा घाटात, तिकीट फाडता फाडताच ओळखलं होतं.

काट्याला चार तारे, भिंगाला तीन. दिव्याचे सेल पहिल्याच आठवड्यात संपले. नवे घातले नाहीत.