जिभेखालचे थेंब : वीस महिन्यांनंतर

परागांच्या अ‍ॅलर्जीवरचे जिभेखाली घ्यायचे थेंब मी सुरू केले त्याला वीस महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर ‘तोंडाला खाज सुटते’ एवढंच लिहिलं असतं. चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. म्हणून इतके दिवस थांबले.

आधी दुखणं सांगते. माझं ऑफिस नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, आवारात वावळीची जुनी झाडं. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गळतात, बारीक हिरवट फुलं येतात, नंतर पापडीसारख्या गोल बिया उडत फिरतात. बिया दिसतात म्हणून सगळे त्यांनाच दोष देतात, पण तोवर फुलांनी आपलं काम करून ठेवलेलं असतं. ते संपून पावसाळा सरत आला की मनीषनगरातले आमच्या घराजवळचे रिकामे प्लॉट गाजर गवतानं पांढरे होतात. म्हणजे वर्षातून दोनदा शिंका, डोळ्यांतून पाणी, टाळूला अशी खाज की जीभ घासून घासून क्लक-क्लक आवाज काढायचा. सहा वर्षं सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर काढली. दुपारी काउंटरवर पेंगायची ती वेगळीच.

नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते शोधायच्या तपासणीआधी सेट्रिझिन बंद ठेवावी लागली, नाहीतर हातावर काही उठतच नाही. तपासणीपेक्षा ते दिवस जड गेले. हातावर पेनानं आकडे लिहून वेगवेगळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवले, हलकेच टोचलं आणि वीस मिनिटं बसवून ठेवलं. गांधी उठल्या, त्यात वावळीची सगळ्यात मोठी, तिच्या मागोमाग गाजर गवताची.

नवऱ्याला हे जिभेखालचे थेंब साखरगोळ्यांच्या जातीतले वाटले. तसं नाही. ज्या परागाचा त्रास, त्याचाच मोजून काढलेला अर्क शरीराला अगदी थोडा द्यायचा, हळूहळू वाढवायचा आणि ठरलेल्या मात्रेवर वर्षानुवर्षं चालू ठेवायचा. कल्पना काही नवी नाही. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ सालीच गवताच्या परागांचा अर्क टोचून हे करून पाहिलं होतं. इंजेक्शन की थेंब हे मला निवडायचं होतं. इंजेक्शन आधी दर आठवड्याला, पुढे महिन्याला, आणि दर वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. माझ्या सोबतच उपचार सुरू करून इंजेक्शन निवडलेली ऑफिसमधली मैत्रीण सातव्या महिन्यात गळली. रजा पुरेनात. मी थेंब घेतले. पहिला डोस दवाखान्यात, बाकीचे घरी.

घरी म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी थेंब जिभेखाली, दोन मिनिटं धरायचे, मग गिळायचे. ही दोन मिनिटं सासूबाईंनी बरोबर हेरली आहेत. सुनेला उत्तर देता येत नाही हे कळल्यापासून घरातले सगळे अवघड विषय त्याच वेळी निघतात. मी नुसतं ‘हं’ करते आणि नंतर कळतं की आपण कशाला तरी होकार देऊन बसलो.

थेंबांनी सुटणारी खाज, कानात गुदगुल्या हे महिन्याभरात गेलं. पण पहिला फेब्रुवारी आला आणि जवळजवळ आधीसारखाच निघाला. महिन्याला दीड हजार रुपये मोजते आहे आणि नाक वाहतंच आहे! तेव्हा बाटली टाकून देणार होते. डॉक्टर म्हणाल्या, “ताई, एका सीझनवर निकाल लावू नका.” गोळ्या मोजायला लागले ती त्याच दिवसापासून. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्च मिळून ४१ गोळ्या. यंदा ९.

आणि खरी गंमत पुढे आहे. थेंब लागू पडायला लागले, तेव्हाच ते सुटायला लागले. शिंकच येत नाही तर आठवण कोण करून देणार? सासूबाईही म्हणाल्या, “आता तं शिंका नाही येऊन राहिल्या तुले, मग काहून घेतं वं ते थेंब?” मलाही ते पटायला लागलं होतं. त्यात एप्रिलमध्ये दाढ काढली. तोंडात जखम असताना थेंब घ्यायचे नसतात, म्हणून सात दिवस बंद. सातचे तेवीस झाले. पुन्हा किती थेंबांपासून सुरू करायचं ते ठाऊक नव्हतं, विचारायची लाज वाटत होती, आणि लाजेपायी खंड आणखी वाढत होता. शेवटी फोन केला तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं. मात्रा कमी करून दिली, पुन्हा चढवत नेली. दवाखान्याबद्दल माझी तक्रार एवढीच की ‘चुकलं तर काय’ हे पहिल्याच दिवशी लिहून का दिलं नाही? डोसचा तक्ता सुंदर छापलेला होता, पण तो कधीच न चुकणाऱ्या माणसासाठी होता.

नंतर वाचलं तेव्हा जरा हायसं वाटलं. नेदरलँड्समध्ये हाच उपचार घेणाऱ्या हजारो रुग्णांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासल्या, २०१३ साली छापून आलं. तीन वर्षं पूर्ण करणारे सगळे मिळून १८ टक्के; इंजेक्शनवाल्यांपैकी २३ टक्के, थेंबवाल्यांपैकी फक्त ७. म्हणजे घरी घ्यायची सोय तीच सोडायची सोय. गवताच्या परागांवरच्या अभ्यासांत, तीन-चार वर्षं उपचार घेऊन थांबलेल्यांचा आराम पुढे तीन वर्षं टिकला होता. दोन वर्षांत थांबवलेल्यांची मात्र वर्षभरानंतर, तुलनेसाठी औषधच नसलेला नकली डोस घेणाऱ्यांहून वेगळी स्थिती उरली नव्हती. मी तर दोन वर्षंही पुरी व्हायच्या आधी सोडणार होते!

बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची. नागपूरच्या मे महिन्यात हे वाक्य छापायला सोपं आहे. एक बाटली मी फ्रीजरच्या खाली अगदी मागे ठेवली, ती गोठली. फेकावी लागली. दुसरी कुरियरनं दुपारी आली, बाहेर पंचेचाळीस, थर्माकोलच्या डब्यातला बर्फाचा पाऊच पार कोमट. बदलून मिळाली, पण चार फोनांनंतर. आता उन्हाळ्यातली बाटली मी स्वतःच सकाळी जाऊन आणते.

आठवड्यातून तीन दिवस हे रोजच्यापेक्षा अवघड आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. आज कोणता वार, हा प्रश्न सकाळी सहाला पडतो. मोबाइलचा अलार्म चौथ्या दिवशी झोपेतच बंद करायला लागले. उपयोगी पडलं ते दुधाचं पातेलं. सोमवार-बुधवार-शुक्रवारी पातेल्यावर लाल झाकण, इतर दिवशी स्टीलचं. लाल झाकण उचललं की बाटली काढायची, आणि दूध गॅसवर ठेवून दोन मिनिटं गप्प उभं राहायचं.

दमा आटोक्यात नसेल तर डॉक्टर हे सुरूच करत नाहीत, तेव्हा परस्पर मागवून घेऊ नका. माझं रेटिंग पाचांत चार. एक तारा त्या तक्त्यासाठी कापला.

पाऊस सुरू झालाय, प्लॉटवर गाजर गवत वीतभर वर आलंय. चालू बाटली तीन आठवडे पुरेल, पुढची काल सांगून ठेवली. लाल झाकण मात्र सासूबाईंनी परवा लोणच्याच्या बरणीला लावून टाकलं, ते आधी सोडवून आणते.