एचडीएक्स-एमएस सर्व्हिसचा अनुभव: मशीन भारी, कंट्रोल मात्र मागून घ्यावे लागले

प्रोटीनला लिगँड (त्याला चिकटणारा छोटा रेणू) नेमका कुठे चिकटतो ते बघायचं होतं, रचना बघायला लागणारे क्रिस्टल काही केल्या येईनात, म्हणून बाहेरच्या एका लॅबकडून हायड्रोजन-ड्युटेरियम एक्स्चेंज (एचडीएक्स-एमएस) करून घेतलं. प्रोटीन जड पाण्यात घातलं की त्याच्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन म्हणजे ड्युटेरियम येतं, लिगँड चिकटलेल्या जागी ते सावकाश येतं, आणि वाढलेलं वजन मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. नाव घेत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार.

आधी चांगलं सांगते. रोबोट एकदम झकास, सॅम्पल जड पाण्यात घालणं, बरोबर वेळेला क्वेंच करणं (आम्ल आणि थंडीने एक्स्चेंज जवळजवळ थांबवणं), इंजेक्ट करणं, सगळं तोच करतो. १० सेकंदांपासून ४ तासांपर्यंत पाच टाइमपॉइंट होते, ते बरंय, कारण काही अमाइड (प्रोटीनच्या कण्यावरचे हे हायड्रोजन) क्षणात बदलतात तर काही तासन्‌तास हलत नाहीत, एकाच टाइमपॉइंटवर काय कळणार कप्पाळ! पेप्सिन या एन्झाइमने प्रोटीनचे तुकडे म्हणजे पेप्टाइड पण छान पडले, जवळजवळ सगळा सिक्वेन्स कव्हर झाला आणि एकावर एक येणारे पेप्टाइड भरपूर.

पहिला रिपोर्ट आला तो नुसता रंगीबेरंगी. लाल-निळा हीटमॅप, स्ट्रक्चरवर रंगवलेलं चित्र, पण बॅक एक्स्चेंज (लागलेलं ड्युटेरियम परत निघून जाणं) किती झालं ते कुठेच नाही!! क्वेंच म्हणजे पीएच २.५ आणि शून्य डिग्री, तिथे एक्स्चेंज अगदी मंदावतं पण थांबत नाही, कॉलममधून जाता जाता ड्युटेरियम गळतच राहतं. ते मोजायला पूर्ण ड्युटेरेटेड कंट्रोल (आधीच पूर्ण ड्युटेरियम भरलेलं तुलनेचं सॅम्पल) लागतो. विचारलं तर म्हणे दोन्ही स्टेटची (लिगँडसह आणि लिगँडशिवाय) तुलनाच करायची आहे, मग कशाला. तुलनेपुरतं ठीक आहे हो, दोन्हीकडे गळती सारखीच असते, पण एखाद्या पेप्टाइडमध्ये निम्मं ड्युटेरियम गळून जात असेल तर तिथे फरक दिसणार तरी कसा? शेवटी करून दिला, पण मागावा लागला.

दुसरा घोळ जास्त मजेशीर. लिगँड घातलेल्या सॅम्पलमध्ये झाडून सगळे पेप्टाइड थोडे थोडे संथ दिसत होते, अगदी सैल शेपटीचे सुद्धा. इतक्या ठिकाणी लिगँड चिकटेल होय? पीएच मोजायला लावला तर तो ०.१ ने खाली! माझा लिगँड आम्लधर्मी, बफर कमजोर, आणि ०.१ पीएच म्हणजे एक्स्चेंजच्या वेगात साधारण २५ टक्के फरक. यात निम्मी चूक माझी, स्टॉक न्यूट्रल करून पाठवायला हवा होता. पण लेबलिंगच्या आधी दोन्ही बफरचा पीएच बघणं हे त्यांचं काम ना? आणि जड पाण्यात मीटर जे दाखवतो त्यात ०.४ मिळवायचे असतात, तेही लिहिलं नव्हतं. लिगँड विरघळवायचा डीएमएसओ मात्र दोन्हीकडे सारखा घातला होता, शाब्बास.

एका गोष्टीसाठी मनापासून कौतुक, प्रत्येक रननंतर ब्लँक (प्रोटीन न घालता केलेले रन) चालवले होते. पेप्सिन कॉलमला आधीचे पेप्टाइड चिकटून राहतात आणि पुढच्या रनमध्ये निघतात, तोवर त्यांचं ड्युटेरियम बरंचसं गेलेलं असतं, मग एका पेप्टाइडचे दोन डोंगर दिसतात आणि आपण खूश, की ईएक्स१ (प्रोटीनचा एखादा भाग उघडून त्याचे हायड्रोजन एकत्रच बदलणं) सापडलं! माझ्या डेटात असे दोन डोंगर एका पेप्टाइडला होते, ब्लँकमध्ये तो पेप्टाइड अजिबात नव्हता म्हणून विश्वास बसला.

रेप्लिकेटबद्दल, म्हणजे प्रयोग किती वेळा आणि कसा पुन्हा करणार याबद्दल, आधीच नीट बोलून घ्या. "ट्रिप्लिकेट" म्हणजे त्यांच्या हिशेबी एकाच ट्यूबमधून तीनदा लेबलिंग. वेगळ्या प्रेपचं (नव्याने बनवलेलं) प्रोटीन मी दुसऱ्या फेरीत पाठवलं तेव्हा आधी "फरक" म्हणून दाखवलेले दोन पेप्टाइड गायब झाले, बाकीचे टिकले.

दुसरा रिपोर्ट खरंच चांगला होता, प्रत्येक पेप्टाइडचे अपटेक कर्व्ह (वेळेनुसार किती ड्युटेरियम शिरलं), बॅक एक्स्चेंज, बफर, तापमान, सगळं टेबलमध्ये. २०१९ मध्ये नेचर मेथड्समध्ये या टेक्निकच्या शिफारशी छापून आल्यात त्यात हेच सगळं मागितलंय, मग पहिल्यांदाच का नाही देत कोण जाणे. रॉ फाइल पण मागितल्या, दिल्या, दोन आठवडे लावले.

परत त्यांच्याकडेच पाठवणार आहे, पण यावेळी कंट्रोलची यादी सॅम्पलसोबतच जाईल.