सहा चौकटी, दोन दिवस, 17,700 रुपये

भोसरी एमआयडीसीत आमचं टर्निंगचं, म्हणजे धातू कातून भाग बनवायचं युनिट आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), एक म्हातारं लेथ, 14 माणसं. शॉप दादा सांभाळतो, हिशेब आणि वसुली माझ्याकडे. मुख्य काम दुचाकीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड, आणि सत्तर टक्के माल एकाच पार्टीला जातो. इलेक्ट्रिक स्कूटरला व्हॉल्व्हच नसतो, त्यामुळे पुढे काय, हा प्रश्न घरात रोज जेवताना निघतो. म्हणून ‘लघुउद्योजकांसाठी बिझनेस स्ट्रॅटेजी’ या दोन दिवसांच्या कार्यशाळेला दादा आणि मी गेलो. धंद्याचा विचार करायच्या सहा चौकटी शिकवणार होते. माणशी 7,500 अधिक जीएसटी, दोघांचे 17,700. संस्थेचं नाव लिहीत नाही.

पहिला दिवस पाण्यात गेला. सकाळचे दोन तास स्वॉट, म्हणजे आपली बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांची यादी. बलस्थानांच्या रकान्यात प्रत्येक टेबलानं ‘क्वालिटी आणि वेळेवर डिलिव्हरी’ लिहिलं. सगळ्यांचीच डिलिव्हरी वेळेवर, तर मग रोज फोनवर शिव्या कोण खातं?

दुपारी बीसीजी मॅट्रिक्स. ही चौकट 1970 साली निघाली ती दहा-दहा धंदे असलेल्या मोठ्या कंपन्यांसाठी, कुठल्या धंद्यात पैसा घालायचा आणि कुठल्यातून काढायचा हे ठरवायला. त्यासाठी बाजारातला आपला हिस्सा माहीत लागतो. जॉबवर्कवाल्यानं तो कुठून आणायचा? सरांना विचारलं तर म्हणाले, “अंदाजे धरा.” दादानं आमचं लेथ ‘कुत्रा’च्या, म्हणजे पैसा न घालण्याजोग्या धंद्याच्या चौकोनात टाकलं आणि चहाला उठला.

दुसऱ्या दिवशी पोर्टर आला. मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेली, धंद्यावर दाब आणणारी पाच बळं: खरेदीदार, पुरवठादार, नवे शिरणारे, पर्यायी माल आणि आपापसातली चुरस. सरांनी उदाहरण विमान कंपन्यांचं दिलं, ते डोक्यावरून गेलं. पण कागद भरायला घेतला आणि दादा गप्प झाला. रेट पार्टी ठरवते. स्टीलचा बार कुठल्या मिलचा घ्यायचा तेही पार्टीच सांगते. स्टीलवाल्याला तीस दिवसांत पैसे द्यायचे, आपले यायचे नव्वदला. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद आहे. 2006 च्या लघुउद्योग कायद्यानं पार्टीला पैसे द्यायला जास्तीत जास्त 45 दिवस आहेत, आणि आता आयकराच्या नियमामुळे मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेली रक्कम पार्टीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी वसुली कच्ची आहे. त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं की दुखणं वसुलीचं नाही, सत्तर टक्क्यांचं आहे.

त्याला लागूनच इगोर अन्सॉफ यांची 1957 ची चार खणांची चौकट होती: जुना माल की नवा, जुनं गिऱ्हाईक की नवं. आम्ही ‘नवा माल, नवं गिऱ्हाईक’ या खणावर बोट ठेवलं. त्याच मशीन, तेच ऑपरेटर, पण हायड्रॉलिक फिटिंग. दोन ठिकाणी सँपल दिली आहेत. एकाकडची पास झाली, रेटवर घासाघीस चालू आहे.

बिझनेस मॉडेल कॅनव्हास (धंद्याचा एका पानाचा आराखडा) आणि उरलेली एक चौकट शेवटच्या तासाभरात उरकल्या, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तक्रार एकच, पण मोठी आहे. फॉर्म भरतानाच “तुमची अडचण काय?” एवढं विचारलं असतं तर सहाचं गाठोडं गळ्यात मारावं लागलं नसतं. आमच्या टेबलावर एक बेकरीवाले होते, त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानात येणारी शंभर माणसं. त्यांनाही तोच कागद, तीच विमानं. महिन्यानं फॉलोअपचा फोन येणार होता, तो अजून आलेला नाही. जेवण मात्र झकास, दादानं उकडीचे मोदक तीनदा घेतले.

पाचपैकी अडीच. दुसरा दिवस वेगळा देतात का, हे आधी विचारून बघा; पोर्टर आणि अन्सॉफ दोन्ही त्याच दिवशी होते.