गहुंजेचं स्टेडियम: आत साडेचार तारे, फाटकाबाहेर दीड

भिवंडी तालुक्यात आमणेला एक लाख खुर्च्यांचं क्रिकेट स्टेडियम उभारायचा मुंबई क्रिकेट संघटनेचा विचार आहे. साहजिकच कल्याण-भिवंडी पट्ट्यात दोन तट पडणार. एकाला जागेचे भाव चढताना दिसतात, दुसऱ्याला रस्ते तुंबताना. दोघांनीही भांडण्याआधी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं पुण्याजवळच्या गहुंजेचं स्टेडियम एकदा प्रेक्षक म्हणून पाहून यावं. (दोन्ही संघटना ‘एमसीए’. बातमी वाचताना निम्मे वाचक इथेच घसरतात.) शहराच्या वेशीवर, द्रुतगती मार्गाला खेटून स्टेडियम बांधलं की काय होतं, हे तिथे 2012 पासून दिसतंय.

आधी चांगलं. वास्तू देखणी आहे, इंग्लंडच्या मायकेल हॉपकिन्स यांच्या कंपनीने केलेली. साधारण 37 हजार प्रेक्षक बसतात आणि खेळ जवळून दिसतो. तिकीट काढताना मात्र दिशा बघा, कारण छत सगळीकडे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून साउथ स्टँडच्या वरच्या रांगा सर्वांत सुखाच्या: सावली छताचीच पडते. ईस्ट स्टँड स्वस्त वाटतो, पण दुपारच्या वनडेत दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट तोंडावर येतं. चेंडू दिसायला कपाळावर हात धरून बसावं लागतं. वेस्टला ऊन पाठीवर घ्यायचं. तेही ऊनच, पण सामना दिसतो. टी-ट्वेंटी संध्याकाळी सातची असेल तर हा सगळा हिशोब बाद, कुठेही बसा.

आता पाणी. सुरक्षेच्या नावाखाली बाटली फाटकावरच काढून घेतली जाते, म्हणजे आतली सोय हीच एकमेव सोय. ऑक्टोबर 2024 मधल्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी तीच कोलमडली. टँकर उशिरा पोचले, लोक उन्हात तहानेने हैराण झाले आणि संघटनेला माफी मागावी लागली. गणित अवघड नाही. उन्हातल्या कसोटीला माणशी दीड लिटर धरलं तर भरलेल्या स्टेडियमला 55 हजार लिटर फक्त पिण्याचं पाणी लागतं, म्हणजे वीस लिटरचे पावणेतीन हजार जार. ते सकाळी गर्दी सुरू व्हायच्या आत मजल्यामजल्यावर पोचलेले हवेत. नऊनंतर निघालेला टँकर प्रेक्षकांच्याच गाड्यांमागे अडकून पडतो.

हिरवळीचं पाणी वेगळं. मैदान सुमारे पंधरा हजार चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला चार मिलिमीटर पाणी द्यायचं तर 60 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सहा खेपा, आणि हे सामना नसतानाही. हा वाद कोर्टातही गेलाय. एप्रिल 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पवना नदीचं पाणी या मैदानासाठी उचलायला मनाई केली होती. आमणेकरांनी पहिला कागद मागायचा तो पाण्याच्या स्रोताचा. ‘प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू’ असं सांगतील. छान, पण प्रक्रिया केंद्र कुठलं, पाइपलाइन कुठून येणार आणि खर्च कुणाचा, हे त्याच कागदावर हवं.

खरं दुखणं येण्याजाण्याचं. स्टेडियम द्रुतगती मार्गावरून अगदी हाताशी दिसतं, पण त्या मार्गावर दुचाकीला बंदी. पुण्याकडून येणाऱ्या दुचाकीवाल्याला देहूरोड-मामुर्डीच्या बाजूने यावं लागतं. देहूरोड आणि बेगडेवाडी ही लोकलची स्टेशनं नकाशावर जवळ वाटतात, पण दोन्हीकडून पायी जाण्यासारखं अंतर नाही. म्हणून बहुतेक जण स्वतःची गाडी काढतात. दिवसभरात येणारी वाहनं तीन-चार तासांत पांगून येतात, जाताना मात्र सगळी एकाच अर्ध्या तासात इंजिन सुरू करतात. शेवटच्या दोन षटकांआधी उठलात तर सुटलात. नाही तर बक्षीस समारंभ निवांत बघा, रांगेतही तेवढाच वेळ जाणार आहे.

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम याच्या नेमकं उलट. छत खांबांशिवाय तोललेलं, त्यामुळे नजरेआड काही येत नाही. मैदानाचा निचराही उत्तम. 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला, तरी एकही षटक कापावं लागलं नाही. भारत 52 धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र झाली होती. अशा रात्री जवळ हार्बरचं स्टेशन असणं हीच खरी सोय, पण शेवटची लोकल थांबवून धरली किंवा जादा गाड्या सोडल्या तरच. त्रास तिथेही आहे, सेक्टरांच्या गल्ल्या दुतर्फा गाड्यांनी भरतात. तरीही हजारो माणसं रुळांवरून निघून जातात, हा फरक लहान नाही.

हेच आमणेला लावून पाहा. एक लाखातले एक तृतीयांश लोक गाडीने आले आणि एका गाडीत तिघे धरले, तर अकरा हजार गाड्या. वळण्याच्या जागेसकट गाडीला 25 चौरस मीटर, म्हणजे नुसत्या पार्किंगला 68 एकर! चाळीस हजार लोकांना बसने न्यायचं तर पन्नास आसनी बसच्या 800 फेऱ्या. समृद्धी महामार्ग दाराशी आहे, हा युक्तिवाद गहुंजेला द्रुतगती मार्गाच्या बाबतीतही झालाच असेल.

पैशाचं थोडक्यात: गहुंजेला सहाराचं नाव दिलं होतं, ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून 2013 मध्ये ते काढलं. फेब्रुवारी 2018 मध्ये थकीत कर्जापोटी बँकांनी प्रतीकात्मक ताबाही घेतला. 2023 च्या विश्वचषकाचे पाच सामने मिळाले, पण असा हंगाम दरवर्षी येत नाही. ‘रोजगार वाढेल’ म्हणणाऱ्याला वर्षाचे सामन्यांचे दिवस बोटांवर मोजून दाखवायला सांगा.

गुण द्यायचे तर गहुंजे: मैदान आणि दृश्य पाचपैकी साडेचार, पाणी दोन, येणं-जाणं दीड. नेरूळ: मैदान साडेचार, येणं-जाणं साडेतीन. गहुंजेला जायचंच असेल तर साउथ स्टँड घ्या, टोपी न्या, पाॅवर बँक घरी ठेवा आणि गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करूनच लावा.