मुलांचा तीनपदरी सुती मास्क : नागपूरच्या सीताबर्डीतून घेतला, महिनाभर वापरला

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले आणि आमची आठवीतली पोरगी दीड वर्षानं शाळेत निघाली. तिच्या वयाला कोरोनाची लस तेव्हा मिळतच नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "काऊन पाठवून राहिली तिला?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आदल्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवरून दोनशे रुपयांत पाच मास्क आणले, तेवढंच हातात होतं.

कापड मऊ, शिलाई पक्की. नाकावरची तार मात्र दुसऱ्याच धुण्यात मोडून बाहेर आली. पोरीला चष्मा आहे. तार गेली की वाफ थेट काचेवर, आणि मास्क हनुवटीवर! अख्ख्या वर्गाचं असंच होत असेल या विचारानं ऑफिसात माझा डबा घशाखाली उतरेना. शेवटी मोबाईलच्या चार्जरला गुंडाळून येते ना, ती प्लास्टिक चढवलेली बारीक तार आत शिवली. ती अजून टिकून आहे.

कानाचं इलास्टिक सैल, गाठ मारावी लागली. नागपूरच्या ऑक्टोबरात घामानं मास्क दुपारपर्यंत ओलाचिंब, म्हणून मधल्या सुट्टीसाठी दुसरा दप्तरात. एन-९५ गाळणीला चांगला, पण धुतला की त्यातला बारीक कण ओढून धरणारा विद्युतभार जातो आणि रोज नवा आम्हाला परवडत नाही.

पाचपैकी तीन तारे. घ्याल तर दुकानातच पोरांच्या तोंडावर लावून बघा, चष्म्यासकट.